कॅमेऱ्याखालचा चहा

रुक्मिणीबाई घरातून हलल्या असत्या तर नितेश परबच्या पदरात बरंच काही पडणार होतं. आतली खोली मोकळी झाली असती आणि बारावीतल्या प्रांजलला दार लावून अभ्यास करता आला असता. दार लावून ती नेमकं काय करते याची काळजी मग आईबापांना निवांत करता आली असती. आईला सांभाळणारी ब्युरोची बाई आली नाही की सुट्टी कोणी टाकायची, ऑफिसातून नितेशने की पतपेढीतून त्याची बायको मानसी हिने, यावरून दोघांत रोज सकाळी जे व्हायचं ते थांबलं असतं. सलग झोप मिळाली असती. नवराबायको जोडीने एखाद्या लग्नाला गेले असते. पण ही सगळी चिल्लर. नितेशला खरं हवं होतं ते एक वाक्य: ‘आईच म्हणाली.’

हे वाक्य खिशात असलं की माणूस कुठेही जाऊ शकतो. गावी गणपतीला जाऊ शकतो, चुलत्यांच्या समोर पाटावर बसू शकतो, आणि मुख्य म्हणजे बोरिवलीच्या सुहासिनीताईचा फोन उचलू शकतो. सुहासिनी ही थोरली बहीण. आईवर तिचा जीव भारी. आईला ठेवून घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे सासू होती. सासू गेली तेव्हा तिचे गुडघे आले. तिचं म्हणणं एवढंच, की आईला कुठे ठेवायचं ते खुशाल ठेव, पण ती स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली पाहिजे. ओढून नेलीस तर मला बहीण म्हणू नकोस.

आणि रुक्मिणीबाई हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. अठ्ठ्याहत्तरी गाठली होती. कालचं जेवण आठवत नव्हतं, नातीचं नाव कधी लागायचं कधी नाही, पण एक गोष्ट लख्ख आठवायची आणि ती त्या दूधवाल्यालाही ऐकवायच्या. गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी त्यांच्या लालबागच्या चाळीतल्या झाडून सगळ्या गिरणीकामगारांनी बायकापोरं कोकणात धाडून दिली. इथे खायचे वांधे, तिथे निदान पेज तरी. रुक्मिणीबाईंचे भाऊ न्यायला आले, ट्रंक बांधून झाली. नवऱ्याने, दत्ताराम परबने, ट्रंक सोडली. ‘ती खंय जावची नाय,’ एवढंच बोलला. मग फुलबाजारात ओझी वाहिली, रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासल्या, पण बायकोला धाडलं नाही. चाळीतल्या बाकीच्या बायका दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा रुक्मिणीबाईंची मान जी वर झाली ती चाळ सोडून नाहूरच्या या टॉवरात आल्यावरही खाली आली नव्हती. दागिने संपात गेले ते गेलेच. अंगावर हाच एक उरला होता.

दत्ताराम जाऊन सहा वर्षं झाली होती. आतल्या खोलीत त्याचा फोटो, त्यावर लाल दिवा.

कॅमेरा आला तो चंपाबाईंवर नजर ठेवायला. ब्युरोच्या चंपाबाई घाटकोपरहून यायच्या, दिवसपाळीला. बाई चांगली होती, पण चांगल्या माणसांवर नजर ठेवली म्हणजे ती तशीच राहतात असं मानसीचं मत. वायरमनने खोलीभर पाहिलं आणि फोटोच्या दिव्याच्या पॉइंटवरच कॅमेरा जोडला, फोटोला अगदी खेटून. दुसरं भोक पाडायचं म्हणजे सोसायटीला सांगा, धूळ काढा. कोणाला वेळ आहे.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. नितेश मरोळला ऑफिसात बसून मोबाइलवर घर पाहायचा आणि अधूनमधून ‘आई, जेवलीस का?’ असं विचारायचा. आई वर पाहायचीच नाही. तिच्या लेखी तो टीव्ही होता.

मग एक दिवस नितेशला सर्दी झाली. छाती भरलेली, आवाज घोगरा. त्यात गावच्या चुलतभावाचा फोन येऊन गेलेला, छपराच्या कौलांवरून वाद झालेला, त्यामुळे जीभ मालवणीतच अडकलेली. एरवी तो आईशी मुंबईचं मराठी बोलायचा, ती कशातही बोलो. मोबाइल उघडला तर चंपाबाई हातात गोळी घेऊन उभ्या आणि आई तोंड मिटून बसलेली. नितेश दोनदा खोकला आणि वैतागून म्हणाला, “अगो, खा गो ती गोळी.”

रुक्मिणीबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

दत्तारामने उभ्या जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. त्या पिढीत मारत नसत. पाळी संपवून आला की दारात दोनदा खोकायचा आणि ‘अगो’ म्हणायचा. तेच तिचं नाव. रुक्मिणी हे नाव रेशनकार्डावर होतं.

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि फोटोकडे पाहत विचारलं, “इलात? खंय होतात इतके दीस?”

मरोळच्या ऑफिसात नितेशने मोबाइल दोन्ही हातांनी झाकला. कोणीही शहाण्या मुलाने तिथेच फोन बंद केला असता. नितेशनेही केला. पण दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला तयार होईना, चंपाबाईंचा फोन आला, आणि शहाणपणाला तिथेच पहिली चीर गेली. सर्दी उतरली होती. खोकला त्याने काढून दाखवला.

त्यानंतर घर असं काही चालायला लागलं की मानसीने पतपेढीत सांगितलं, आमच्या आईंना नवीन औषध लागू पडलं. औषध दिवसातून तीनदा. गोळीला एकदा, जेवणाला एकदा, आणि चार वाजता एकदा, कारण चारला पहिल्या पाळीचा माणूस घरी येतो. चार वाजले की रुक्मिणीबाई वेणी घालून, साडी नीट करून बसायच्या. चंपाबाईंकडून चहा करून घ्यायच्या आणि कप फोटोखालच्या स्टुलावर ठेवायच्या. चंपाबाईंनी पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं, मग सगळा प्रकार लक्षात आला तेव्हा नितेशला फोन करून म्हणाल्या, “दादा, चार चुकवू नका हां. तुम्ही बोललात की माझा दिवस सुटतो.” थंड झालेला चहा त्याच प्यायच्या. म्हणजे त्यांचाही फायदाच.

नितेशला मात्र हळूहळू कळायला लागलं की मेलेल्या माणसाची नोकरी सोपी नसते. रुक्मिणीबाई गप्पा मारायच्या. फलाण्याचं पुढे काय झालं, त्या दिवशी दादरला तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं ना. नितेशला काय आठवणार. तो नुसता ‘हूं’ म्हणायचा. दत्तारामही तेवढंच म्हणायचा, त्यामुळे पकडला गेला नाही. एकदा त्यांनी मुलाची चहाडी केली. म्हणाल्या, झील चांगला आहे, पण माझ्याकडे बघत नाही, सारखा फोनात बघतो. नितेश तेव्हा त्या फोनातच बघत होता.

तो घरी आल्यावर आईच्या खोलीत कमी जायला लागला. गेला तर जपून बोलायचा, घसा दाबून, आवाज जरा वर चढवून, मुलाचाच वाटेल असा. एकदा जेवताना मानसीला त्याने ‘अगो, मीठ दे’ म्हटलं. मानसीच्या हातातला डाव तसाच राहिला. “परत असं बोलू नकोस,” ती म्हणाली. “या घरात एकच बस झाला.”

वाट लागली ती चहापायी. चंपाबाई कपडे वाळत घालायला गेल्या होत्या, चार वाजत आले होते आणि रुक्मिणीबाईंना धीर निघाला नाही. त्यांनी स्वतः गॅस लावला, आधण ठेवलं आणि वेणी घालायला आत गेल्या. चहा उतू जाऊन गॅस विझला. प्रांजल क्लासवरून आली तेव्हा गॅसच्या वासाने घरात उभं राहवत नव्हतं. खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला कोणी हात लावला नाही, थोडक्यात निभावलं. आत रुक्मिणीबाई नटूनथटून स्टुलासमोर बसल्या होत्या आणि ओशाळून फोटोला सांगत होत्या, आज जरा उशीर झाला.

त्या आठवड्यात सगळे बसले. कांदिवलीला वृद्धांची एक निवासी संस्था होती, एका इमारतीचे दोन मजले घेतलेली. मानसी पाहून आली होती: स्वच्छ, नर्स चोवीस तास, गच्चीत बाग, कोकणातल्या दोन बायका आधीच. सुहासिनी गुडघे धरत नाहूरला आली, सोफ्यावर बसली आणि आईला सरळ विचारलं, जायचंय का तुला. रुक्मिणीबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत.

“तेंका इचारून सांगतंय,” त्या म्हणाल्या.

सुहासिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आईचं डोकं किती गेलंय. मानसीने नवऱ्याकडे पाहिलं. बहीण लिफ्टने खाली गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “मग विचारू दे की.” बायको असं बोलली की अर्धं पाप वाटून घेते असं नवऱ्याला वाटतं. तसं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी नितेश ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. गोड बोलायचं होतं. थोडे दिवस जा, हवापालट होईल, असं काहीतरी. मोबाइलवर आई दिसत होती, वेणी घातलेली, कप समोर. तो खोकला.

तिने विचारलं, “सगळी म्हणतत जा. मी जांव काय?”

“जा,” तो म्हणाला.

तिने कप फोटोच्या आणखी जवळ सरकवला. मग फोटोला समजावल्यासारखं म्हणाली, “गिरण बंद पडली तेव्हा तुम्ही माका धाडूक नाय. सगळ्यांनी धाडल्यानी. मग आताच कित्याक?”

याचं उत्तर नितेशने ठरवलेलं नव्हतं. वरून कोणीतरी हाक मारत होतं, साहेबाचा दुसरा फोन मध्ये वाजत होता. दोन वर्षं जे त्याच्या तोंडापर्यंत येऊन परत जात होतं ते त्या घाईत आलं, आणि बापाच्या तोंडून आलं म्हणून बिनधास्त आलं.

“तेव्हाची गोष्ट येगळी,” तो म्हणाला. “आता तुझो सगळ्यांक तरास होता.”

रुक्मिणीबाई फोटोकडे पाहत राहिल्या. मग पदर, जो डोक्यावर होता, तो त्यांनी खाली घेतला.

“बरा,” त्या म्हणाल्या. उठल्या, कप उचलला आणि चहा मोरीत ओतला. चंपाबाईंना त्या दिवशी तो मिळाला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत. एवढं सुरळीत की मानसीलाच चुकल्यासारखं झालं. रुक्मिणीबाईंनी स्वतः साड्या काढून दिल्या. सुहासिनी फोनवर रडली पण म्हणाली, आईच हो म्हणाली ना, मग झालं. गावी चुलत्यांनीही मान डोलावली. ‘आईच म्हणाली’ नितेशच्या खिशात आलं होतं आणि ते कुठेही चालत होतं.

कांदिवलीची जागा खरंच चांगली निघाली, हे लिहायलाच हवं. लोकांना वाटतं अशा ठिकाणी म्हाताऱ्यांना उपाशी ठेवतात. रुक्मिणीबाईंच्या अंगावर मांस आलं. गुडघ्याला मालीश, वेळेवर गोळ्या, त्याही न कुरकुरता. मानसीने हौसेने दत्तारामचा फोटो नेऊन त्यांच्या पलंगाशी लावला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून नितेशच्या हातात दिला.

“हो घराक ने. तेंचा घर तां. तेंका ऱ्हवांदेत थंय.”

फोटो परत आतल्या खोलीत लागला, कॅमेऱ्याशेजारी. खोली आता प्रांजलची. तिने कॅमेऱ्यावर मोजा चढवला होता. नितेशला चार वाजता मोबाइल उघडायची सवय लागलेली. काळं दिसायचं, नुसता पंख्याचा आवाज यायचा. एकदा त्याला ठसका लागला. पलीकडे पुस्तक पडल्याचा आवाज झाला आणि प्रांजल अगदी हळू म्हणाली, “बाबा, तुम्हीच आहात ना? तिथून खोकू नका ना प्लीज.”

कांदिवलीत रुक्मिणीबाई संपाची गोष्ट सांगायच्या बंद झाल्या होत्या. दुसरी सांगायच्या. नर्सला, फुलं द्यायला येणाऱ्या बाईला, शेजारच्या खाटेवरच्या वेंगुर्ल्याच्या म्हातारीला. नवऱ्याने मला घराबाहेर काढलं. पन्नास वर्षं केलं त्याचं, आणि म्हणाला तुझा त्रास होतो. वेंगुर्ल्याची म्हातारी म्हणायची, पुरुष सगळे तसेच. रुक्मिणीबाई आधी वाद घालायच्या, मग घालेनाशा झाल्या.

भाद्रपदात म्हाळाचा दिवस आला. त्या दिवशी दत्तारामच्या नावाचं पान वाढायचं. दरवर्षी वडे कसे, काळ्या वाटाण्याच्या उसळीत गूळ किती, हे सगळं रुक्मिणीबाई पलंगावरून सांगायच्या; डोकं गेलं तरी ते गेलं नव्हतं. नितेश आदल्या दिवशी विचारायला गेला. खरं म्हणजे मानसी फोनवरही विचारू शकली असती. त्याला जायचं होतं.

“तेंका भूक लागली तर खातीत,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “माका नको इचारू.”

मग नितेशने सांगितलं. खाटेच्या कडेला बसून, खाली मान घालून, सर्दीपासून जिन्यापर्यंत सगळं. आई, तो आवाज माझा होता. बाबा कधी बोललेच नाहीत. बाबांनी तुला कुठेही धाडलं नाही.

रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायच्या तसा. इतक्या महिन्यांत त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

“बापाशीची बाजू घेतंस,” त्या म्हणाल्या. “ल्हानपणापासून तुझी ही खोड. तुझ्या तोंडात असा कधी येवचा नाय रे बाबा.”

तो म्हणाला, येतं. मी दाखवतो. त्याला दुसरं काही सुचलं नाही. माणूस खरं पटवायला निघाला की हातात असेल ते वापरतो, आणि त्याच्या हातात तेवढंच होतं. तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघत, तो दोनदा खोकला आणि म्हणाला, “अगो.”

रुक्मिणीबाईंचा हात त्याच्या डोक्यावरून निघाला. त्यांनी पदर घेतला नाही. नितेशच्या खांद्यावरून त्या दाराकडे पाहायला लागल्या, तिथे कोणी उभं असावं तशा, आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, “हयसर पण इलात? झिलासमोर तरी नको.”

नितेशने मागे वळून पाहिलं. पाहायचं काही कारण नव्हतं, पण पाहिलं. दारात कोणी नव्हतं. नुकतीच एक बाई जेवणाची ट्रॉली घेऊन दारावरून पुढे निघून गेली होती.

“आई, मी आहे. मीच बोललो.”

“सांग रे तेंका,” रुक्मिणीबाईंनी त्याचं मनगट धरलं. हात थंड होता आणि पकड विलक्षण घट्ट. “तुझा ऐकतीत. सांग, जावा म्हणान.”

त्यांचा श्वास वर लागला होता. वेंगुर्ल्याची म्हातारी उठून बसली. नर्सला बोलवायला बेल होती, पण ती पलंगाच्या पलीकडे होती आणि मनगट सुटत नव्हतं. नितेशने घसा साफ केला, मग लगेच घाबरून तो तसाच सोडला. कोणत्या आवाजात बोलायचं ते त्याला क्षणभर सापडेना. शेवटी लहानपणीचा सापडला.

“बाबा,” तो रिकाम्या दाराला म्हणाला, “तुम्ही जा.”

रुक्मिणीबाई दाराकडे बघत राहिल्या, कोणी कॉरिडॉर ओलांडून जिन्यापर्यंत जाईस्तोवर बघावं तेवढा वेळ. मग पकड सैल झाली. त्या आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, तूच एक माझा. झोप लागली तेव्हा चेहरा शांत होता.

तर आता कोणी किती भरलं ते. संस्थेचे पैसे नितेश भरतो, वेळेवर. मानसीने आपल्या वाट्याची झोप भरून काढली आहे, फक्त नवरा खोकला की जागी होते. प्रांजलला खोली मिळाली. ती अभ्यास हॉलमध्ये बसून करते. चंपाबाईंना मुलुंडला दुसरं काम लागलं. सुहासिनीने आईला एक शाल दिली. नितेशला ‘आईच म्हणाली’ मिळालंच, आणि वर न मागता आईचा सगळा विश्वास मिळाला, जो आता परत करतो म्हटलं तरी ती घेत नाही. या सगळ्याची किंमत मोजली दत्ताराम परबने. संपाच्या वर्षी एक ट्रंक सोडून त्याने जे कमावलं होतं, तेवढंच त्याच्या नावावर होतं, आणि तेवढं सगळं गेलं.